विद्यापीठाच्या ग्रंथालयात फ्रेंच दस्तऐवजांचं डिजिटायझेशन : नव्या विद्यार्थी-सहायकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत शिकायला आलेला विद्यार्थी कॅम्पसवर काम शोधू लागला की सगळे त्याला डायनिंग हॉल, जिमचा काउंटर नाहीतर प्राध्यापकांच्या हाताखालची असिस्टंटशिप सुचवतात. फ्रेंच येत असेल तर आणखी एक जागा असते, ग्रंथालयाचा विशेष संग्रह विभाग. रानडे इन्स्टिट्यूट, आलियाँस फ्रान्सेझ किंवा मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांतून फ्रेंच शिकून इकडे येणाऱ्यांना ही वाट फारशी कुणी सांगत नाही. मी पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात हे काम केलं. फ्रेंच क्रांतीच्या काळातली छापील पत्रकं, हुकूमनामे, भाषणं आणि थोडी हस्तलिखितं स्कॅन करायची, त्यांची नोंद करायची आणि मजकूर तपासायचा.

या कामाबद्दल बाहेर एक मोठा गैरसमज आहे. यंत्रात कागद घातला की काम झालं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात वाचकाला पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक पानामागे अनेक माणसांचे छोटे छोटे निर्णय असतात, आणि त्यांतले बरेचसे तासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी घेतलेले असतात. विद्यार्थी दर सत्राला बदलतात. म्हणून तुमच्याकडून पहिली अपेक्षा वेगाची नसते. जे केलं ते का केलं, हे पुढच्या माणसाला कळेल असं लिहून ठेवावं, ही अपेक्षा असते. खालची प्रत्येक पायरी या अपेक्षेच्या अंगाने वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी

फ्रान्सचे कागद अमेरिकेत कसे, हा प्रश्न मुलाखतीतही निघू शकतो. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत संग्राहकांनी पॅरिसच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून क्रांतिकाळातली पत्रकं गठ्ठ्यांनी विकत घेतली. कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी स्वतः असा मोठा संग्रह उभा केला आणि तो आज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने, जे विद्यापीठाचं नसून स्वतंत्र संशोधन ग्रंथालय आहे, तीस हजारांहून अधिक पत्रकं इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर खुली केली. मेरिलँड विद्यापीठानेही आपल्या फ्रेंच पत्रकांवर असाच प्रकल्प चालवला. स्टॅनफर्डने फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर, म्हणजे बीएनएफबरोबर, फ्रेंच क्रांतीचा डिजिटल संग्रह तयार केला. त्यात संसदेच्या कामकाजाचे छापील खंड आहेत आणि सुमारे १४,००० चित्रं. बीएनएफचं स्वतःचं डिजिटल ग्रंथालय, गॅलिका, १९९७ पासून चालू आहे. अर्ज करण्याआधी एखादी संध्याकाळ गॅलिका आणि स्टॅनफर्डचा संग्रह चाळण्यात घालवा. अर्जात काय लिहायचं ते आपोआप सुचेल.

१. जाहिरात शोधा आणि नीट वाचा

जाहिरातीत 'फ्रेंच' हा शब्द असेलच असं नाही. 'डिजिटायझेशन असिस्टंट', 'मेटाडेटा असिस्टंट', 'इमेजिंग टेक्निशियन', 'स्पेशल कलेक्शन्स स्टुडंट वर्कर' अशी नावं असतात आणि भाषेची गरज खाली एका ओळीत लिहिलेली असते. विद्यापीठाच्या विद्यार्थी-नोकरीच्या पोर्टलवर शोधाच, पण ग्रंथालयातल्या फ्रेंच विषयाच्या लायब्ररियनला थेट ईमेलही करा. कोणत्या संग्रहावर काम सुरू होणार आहे, हे त्यांना जाहिरात निघण्याआधी माहीत असतं.

सापळा : 'फेडरल वर्क-स्टडी' असं लिहिलेल्या जागा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. ती सरकारी आर्थिक मदतीची योजना आहे. अशा जागेला अर्ज करण्यात वेळ घालवू नका. त्याच विभागात बिगर वर्क-स्टडी जागा आहे का, ते विचारा.

अर्जात फ्रेंचची पातळी खरी लिहा. बी-१ (युरोपीय भाषा-पातळ्यांतली मधली पायरी) असेल तर बी-१ लिहा. स्कॅनिंगला तेवढं पुरतं, नोंदी करायला बी-२ बरं. इथे अस्खलित बोलण्याला फारशी किंमत नाही. जुनी छपाई धीराने वाचता येणं जास्त मोलाचं आहे. मोडी वाचायला शिकला असाल तर ते नक्की लिहा. हाताने लिहिलेला अनोळखी मजकूर उलगडायची सवय आहे, हे त्यातून दिसतं.

२. कागदपत्रं जमवा

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, सुट्टीत त्याहून जास्त. ग्रंथालयात काम करून वर दुसऱ्या विभागात पेपर तपासत असाल तर दोन्हींचे तास एकत्र धरले जातात. याचा हिशेब स्वतः ठेवा. दोन विभाग एकमेकांना विचारत नाहीत, आणि मर्यादा ओलांडली तर व्हिसा तुमचा अडचणीत येतो.

लागणाऱ्या गोष्टी :

- पासपोर्ट आणि व्हिसा
- आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला), सही केलेला
- आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, छापील प्रत (ऑनलाइन काढता येते)
- ग्रंथालयाचं नेमणुकीचं पत्र
- आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र (सोशल सिक्युरिटी नंबरसाठी, म्हणजे पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी)
- बँक खात्याचा तपशील

सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी काम सुरू करता येतं, मात्र त्यासाठी अर्ज केलेला असावा. देशात आल्यावर साधारण दहा दिवस थांबून अर्ज करा, म्हणजे तुमची प्रवेशाची नोंद सोशल सिक्युरिटी कार्यालयाच्या प्रणालीत सापडते. आय-९ फॉर्मचा (काम करण्याची परवानगी असल्याचं दाखवणाऱ्या) पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत तुम्ही भरायचा असतो. कागद दाखवून दुसरा भाग त्यानंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हावा लागतो. त्यासाठी मूळ कागद लागतात, फोनमधला फोटो चालत नाही.

कराचा डब्ल्यू-४ फॉर्म भरताना अनिवासी परदेशी व्यक्तींसाठीच्या सूचना वाचा. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातली ठरावीक करवजावट, मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. पेरोलमधल्या माणसाला हे माहीत असेलच असं समजू नका.

३. कोण काय करतं ते पहिल्याच आठवड्यात समजून घ्या

क्युरेटर संग्रह निवडतो आणि कशाला प्राधान्य द्यायचं ते ठरवतो. कॉन्झर्व्हेटर कागदाची प्रकृती बघतो. त्याने नाही म्हटलं तर ते पत्रक स्कॅनरवर जात नाही, मग क्युरेटरला कितीही घाई असो. कॅटलॉगर मूळ नोंद करतो. मेटाडेटा लायब्ररियन ती नोंद डिजिटल रूपाला जोडतो. इमेजिंगचा माणूस कॅमेरा, दिवे आणि रंग सांभाळतो. एक माणूस सर्व्हर आणि दीर्घकाळच्या साठवणीकडे बघतो. या सगळ्यांच्या मध्ये प्रकल्प समन्वयक असतो, आणि तुमची रोजची गाठ त्याच्याशीच पडते. लहान ग्रंथालयात यांतली तीन-चार कामं एकच व्यक्ती करते.

विद्यार्थी सहसा चार ठिकाणी असतात : कागद तयार करणं, स्कॅनिंग, नोंदी आणि तपासणी. जमलं तर प्रत्येक ठिकाणी थोडे दिवस काम मागून घ्या. ज्याने स्वतः नोंदी केल्या आहेत तो स्कॅन करताना शेवटचं कोरं पान गाळत नाही, कारण पानांची संख्या जुळली नाही की काय होतं हे त्याला माहीत असतं.

आपल्याला सर-मॅडम म्हणायची सवय असते. इथे विभागप्रमुखालाही नावानेच हाक मारतात. त्याचा संकोच बाळगू नका. आणि शंका आली की विचारा. कॉन्झर्व्हेटरला न विचारता एखादं पान उलटणं हा या कामातला खरा उद्धटपणा.

४. कागद हाताळायला शिका

हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. क्रीम लावायचं नाही. पांढरे हातमोजे सिनेमात दिसतात, पण छापील कागदासाठी बहुतेक ग्रंथालयं आता ते वापरत नाहीत. मोज्यातून कागदाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. छायाचित्रांना मात्र मोजे लागतात. टेबलावर पेन नको, फक्त पेन्सिल. पाण्याची बाटली खोलीबाहेर.

जुना कागद म्हणजे नाजूक, असं नवे लोक धरून चालतात. अठराव्या शतकातला कागद चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला असतो. १७९१ चं पत्रक हातात घेतलं तर ते मऊ आणि चिवट लागतं, उजेडासमोर धरलं तर त्यात जाळीच्या समांतर रेषा दिसतात. खरी काळजी घ्यायची ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कागदाची. तो लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल असतं, तो पिवळा पडतो आणि कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो. हस्तलिखितांत लोहयुक्त शाई असेल तर ती कधी कधी कागद खाऊन अक्षरांच्या जागी भोकं पाडते. असं पान दिसलं की थांबा आणि कॉन्झर्व्हेटरला बोलवा.

आणखी दोन गोष्टी सतत समोर येतात. काही पत्रकांची पानं कडेला कापलेलीच नसतात, म्हणजे दोनशे वर्षांत ती कुणी उघडून वाचलेली नसतात. ती स्वतः कापू नका. ते काम आणि तो निर्णय दोन्ही कॉन्झर्व्हेटरचे. दुसरं म्हणजे, एका चामडी बांधणीत वीस-तीस वेगवेगळी पत्रकं शिवलेली असतात, कारण जुन्या मालकाने आपल्या आवडीने ती एकत्र बांधून घेतली होती. खंड एक असला तरी कृती अनेक असतात, आणि प्रत्येकीला स्वतंत्र नोंद लागते. एक पत्रक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, त्या जागी आम्लमुक्त कागदाची पट्टी ठेवा आणि तिच्यावर पेन्सिलने क्रमांक लिहा. हे आधी केलं नाही तर पुढे स्कॅनिंगवाला, नोंदी करणारा आणि तपासणारा तिघेही वेगवेगळं मोजतात.

५. स्कॅनिंग

दोन प्रकारची यंत्रं भेटतात. एक म्हणजे वरून फोटो घेणारा कॅमेरा आणि खाली पुस्तकाचा पाळणा. दुसरं इंटरनेट आर्काइव्हचं स्क्राइब. त्यात पुस्तक इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उघडं ठेवतात, वरून काच येते, दोन्ही बाजूंचे कॅमेरे एकेक पान टिपतात, काच पायातल्या पेडलने वर-खाली होते आणि पान माणूस हाताने उलटतो. कुठलंही असलं तरी पुस्तक जबरदस्तीने १८० अंशांत सपाट करायचं नाही.

दिवसाची सुरुवात रंगपट्टीच्या फोटोने करा. अमेरिकेत फॅडगी या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांमधले स्टार, म्हणजे दर्जाच्या पायऱ्या, पाळतात, युरोपात नेदरलँड्सची मेटामॉर्फोझ ही पद्धत प्रचलित आहे. तुमच्या प्रकल्पाचं रिझोल्यूशन ठरलेलं असेल, साधारण ३०० किंवा ४०० पीपीआय (दर इंचाला इतके ठिपके). ते स्वतःहून बदलू नका. पाच बाय आठ इंचांचं एक पान ४०० पीपीआयला रंगीत आणि न दाबलेल्या टिफ या प्रकारच्या प्रतिमा-फाइलमध्ये साधारण १९ एमबी होतं. यावरून सर्व्हर सांभाळणारा माणूस रिशूटच्या, म्हणजे पुन्हा स्कॅन केलेल्या पानांच्या, जुन्या फाइल्स काढून टाकायला का सांगतो ते कळेल.

क्रम हा असा :

- पुढचं कव्हर, कोरी पानं, आतली सगळी पानं, मागचं कव्हर. कोरं पानसुद्धा घ्यायचं.
- फाइलला छापील पानाचा क्रमांक देऊ नका, सलग क्रमांक द्या : ०००१, ०००२, ०००३. क्रांतीच्या दिवसांत छापखाने घाईत चालायचे आणि पानांचे आकडे चुकायचे. चौदानंतर सतरा आलं तर पान गहाळ आहे की आकडा चुकला, हे बघण्याची एक जुनी खूण आहे. काही ठिकाणी पानाच्या तळाशी उजवीकडे एकटा शब्द छापलेला असतो आणि तोच पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो. तो जुळला तर पान गहाळ नाही, आकडाच चुकलेला आहे. तसं शेऱ्यात लिहा.
- फाइलच्या नावात फ्रेंच अॅक्सेंट, मोकळी जागा किंवा अपॉस्ट्रफी नको.
- घडी घातलेले मोठे तक्ते दोनदा घ्या, एकदा घडी मिटून आणि एकदा उघडून. अर्थखात्याच्या अहवालांत ते हमखास असतात, आणि संशोधक नेमकं तेच पान शोधत येतात.

६. तारखा : इथे सगळ्यात जास्त गफलत होते

या पायरीवर वेळ द्या. बाकी सगळं नीट असूनही तारीख चुकली तर ते पत्रक शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही.

क्रांतीने स्वतःची दिनदर्शिका आणली. ती ऑक्टोबर १७९३ मध्ये स्वीकारली गेली, पण वर्षगणना मागे जाऊन २२ सप्टेंबर १७९२ पासून धरली. ३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी पाच किंवा सहा जादा दिवस. नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून ती बंद केली. महिन्यांची नावं ऋतूंवरून आहेत आणि शेवट ऐकला की ऋतू कळतो : वाँदेमिएर, ब्रुमेर, फ्रिमेर हे शरदातले, निवोझ, प्लुविओझ, वाँतोझ हिवाळ्यातले, जेर्मिनाल, फ्लोरेआल, प्रेरिआल वसंतातले आणि मेसिदोर, तेर्मिदोर, फ्रुक्तिदोर उन्हाळ्यातले.

उदाहरणं घ्या. वसाहतींमधली गुलामगिरी रद्द करणारा ठराव १६ प्लुविओझ, वर्ष दुसरं, या तारखेचा आहे, म्हणजे ४ फेब्रुवारी १७९४. क्रांतीचा नेता रोबेस्पिएर याची सत्ता ९ तेर्मिदोर, वर्ष दुसरं, या दिवशी कोसळली, म्हणजे २७ जुलै १७९४. नेपोलियनचं बंड १८ ब्रुमेर, वर्ष आठवं, म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. पाठ करायची गरज नाही, रूपांतराची साधनं ऑनलाइन आहेत. पण साधन वापरण्याआधी पुढचे सापळे तपासा.

पहिला : 'प्रजासत्ताकाचं दुसरं वर्ष' असं छापलेलं आहे, पण महिना जुनाच आहे, जानेवारी किंवा मार्च. नवी दिनदर्शिका येण्याआधी दुसरं वर्ष १ जानेवारी १७९३ पासून मोजत होते. म्हणून '२१ जानेवारी १७९३, प्रजासत्ताकाचं दुसरं वर्ष' हे छापील पत्रकावर अगदी बरोबर असतं. राजा सोळाव्या लुईला याच दिवशी गिलोटिनवर चढवलं. नव्या दिनदर्शिकेने मोजलं तर तो दिवस पहिल्या वर्षात पडतो. छापील वर्षाचा आकडा आंधळेपणाने साधनात घातला तर तारीख एका वर्षाने सरकते.

दुसरा : 'स्वातंत्र्याचं चौथं वर्ष'. ही गणना १७८९ पासूनची, म्हणजे १७९२. प्रजासत्ताकाचं चौथं वर्ष मात्र सप्टेंबर १७९५ मध्ये सुरू होतं. वर्षापुढे कोणता शब्द आहे ते वाचल्याशिवाय आकड्याला हात लावू नका.

तिसरा : तिसरं, सातवं आणि अकरावं वर्ष सहा जादा दिवसांची. त्यांच्यानंतर तारखा एका दिवसाने पुढे जातात. मनात हिशेब केला तर हमखास चुकतो.

चौथा हस्तलिखितांतला : महिन्याच्या जागी ७ चा आकडा आणि पुढे शब्दाची शेपटी. तो जुलै नव्हे, सप्टेंबर. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. लॅटिन आकड्यांवरून आलेली ही लिखाणातली सोय आहे. आजच्या महिन्यांचा क्रम डोक्यात ठेवून वाचलं की दोन महिन्यांची चूक होते.

नोंदीत तारीख दोनदा लिहा : एकदा छापील आहे तशी, एकदा रूपांतरित. खात्री नसेल तर वर्षापुढे प्रश्नचिन्ह देण्याची मान्य पद्धत आहे, ती वापरा. प्रश्नचिन्ह दिलेली नोंद पुढचा माणूस दुरुस्त करतो. ठामपणे लिहिलेली चुकीची तारीख कुणी तपासायलाच जात नाही.

७. नोंदी, म्हणजे मेटाडेटा

शीर्षक छापलंय तसंच उतरवा. त्या काळच्या स्पेलिंगमध्ये 'होता'सारख्या क्रियापदांच्या शेवटी आजच्या ए-आय ऐवजी ओ-आय असतं, 'काळ' या अर्थाच्या शब्दात पी नसतो, 'मुलं' या शब्दाच्या बहुवचनात टी गळलेला असतो. फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात ए-आयचं रूप १८३५ मध्ये स्वीकारलं. आलियाँसच्या वर्गात शिकलेलं शुद्धलेखन इथे लावू नका. आधुनिक रूप वेगळ्या रकान्यात देता येतं.

मार्क या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंद-पद्धतीत शीर्षकाच्या सुरुवातीचं उपपद वर्णानुक्रमात सोडून द्यायला किती अक्षरं वगळायची ते सांगावं लागतं. अपॉस्ट्रफीचं 'ल' असेल तर २, 'ल' (एल-ई) किंवा 'ला' (एल-ए) आणि मोकळी जागा असेल तर ३, 'ले' (एल-ई-एस) आणि मोकळी जागा असेल तर ४. हे राहून गेलं तर संग्रहातली शेकडो पत्रकं एका 'एल' खाली जमतात. भाषेचा कोडही बघा. मार्कमध्ये फ्रेंचसाठी एफ-आर-ई, पण ओसीआरच्या, म्हणजे प्रतिमेतला मजकूर ओळखणाऱ्या, साधनांत एफ-आर-ए. दोन्ही प्रमाणित आहेत, फक्त आपापल्या जागी.

एक्सेलचा सापळा वेगळा सांगायला हवा. नोंदींची सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल डबल-क्लिक करून उघडली की अॅक्सेंटच्या जागी भलतीच चिन्हं येऊ शकतात, आणि तशीच सेव्ह केली तर मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. फाइल नेहमी आयात करा आणि त्या वेळी यूटीएफ-८ ही अक्षर-पद्धत निवडा. शक्यतो ओपनरिफाइन हे नोंदी साफ करण्याचं साधन वापरा.

लेखकांची नावं मनाने ठरवू नका. व्हियाफ ही लेखकनावांची आंतरराष्ट्रीय सूची, बीएनएफचा कॅटलॉग आणि फ्रेंच विद्यापीठांची तशीच सूची इडरेफ, या तिन्हींत शोधा. अनेक पत्रकं निनावी आहेत, काहींवर छपाईचं ठिकाण मुद्दाम खोटं दिलंय. बीएनएफच्या नोंदीत लेखक ठरवलेला असेल तर चौकटी कंसात लिहा आणि कुणाच्या आधाराने ते सांगा.

इथे मराठी विद्यार्थ्याला एक खास काम करता येतं. फ्रेंचांच्या वसाहती पाँडिचेरी, माहे, कारिकल, यानम आणि चंद्रनगर इथे होत्या. १७७७ मध्ये सँ-ल्युबँ हा फ्रेंच वकील पुण्यात पेशव्यांच्या दरबारी आला होता आणि १७८८ मध्ये टिपू सुलतानाचे वकील पॅरिसला पोचले होते. त्या काळच्या फ्रेंच कागदांत आपल्याकडची माणसांची आणि गावांची नावं कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. इथल्या ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांना ती अक्षरांची गुंतवळ वाटते. तुम्ही मोठ्याने वाचलं तर नाव ओळखू येतं. ओळखलं की मूळ स्पेलिंगला धक्का न लावता शेऱ्यात नाव, आधार आणि तुमची आद्याक्षरं लिहा. एखाद्या मराठी इतिहास-अभ्यासकाला तो कागद सापडण्याचा तोच मार्ग आहे.

वसाहतींच्या आणि गुलामगिरीच्या कागदांत माणसांचा उल्लेख अत्यंत अपमानास्पद शब्दांत येतो. मूळ शीर्षकात ते शब्द बदलायचे नाहीत. पण वर्णन तुमचं असतं, तिथे ते वापरायचे नाहीत. गुलाम केलेल्या माणसाचं नाव कागदात असेल तर ते नोंदीत आणा. मालकाचं नाव तर कुणीही नोंदवतं.

८. मजकूर ओळखणं

छापील मजकुरासाठी टेसरॅक्ट किंवा अॅबी, हस्तलिखितांसाठी ट्रान्सक्रिबस किंवा पॅरिसमध्ये विकसित झालेलं ई-स्क्रिप्टोरियम. सगळ्यांना अठराव्या शतकाचा लांब एस, म्हणजे एसचं जुनं रूप, छळतो, कारण तो एफसारखा दिसतो. गंमत वाटावी असे नमुने त्यातून निघतात, पण धोका त्या जोड्यांत आहे जिथे दोन्ही शब्द खरे आहेत. 'सरा' म्हणजे होईल, 'फरा' म्हणजे करील. यंत्राने एकाचं दुसरं केलं तर स्पेलचेक काही बोलत नाही आणि कायद्याच्या कलमाचा अर्थ बदलतो. अशा जोड्यांची यादी करून प्रत्येक ठिकाणी प्रतिमा बघा. नजर टाकली तर फरक दिसतो : एफची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, लांब एसची फक्त डावीकडे, आणि कधी तीही नसते.

हस्तलिखित वाचता आलं नाही तर तिथे चौकटी कंसात 'अवाच्य' अशी ठरलेली खूण करा. वाक्याचा अर्थ लागावा म्हणून शब्द घालू नका.

९. तपासणी

स्वतः स्कॅन केलेलं स्वतः तपासू नका, सहकाऱ्याला द्या. बघायच्या गोष्टी थोड्या आहेत : पानांची संख्या, क्रम, कडा कापल्या गेल्या का, बोट आलं का, अक्षर धूसर आहे का, रंगपट्टी आहे का. शेवटी चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढतात, म्हणजे पुढे फाइल बिघडली तर कळतं. चेकसम निघाल्यावर फाइल उघडून 'जरा' सरळ करायची नाही.

एक सूचना गाठीशी बांधून ठेवा : दुसऱ्या ग्रंथालयात तेच पत्रक आधीच स्कॅन झालेलं आढळलं, म्हणून आपलं सोडून देऊ नका, समन्वयकाला कळवा. आपल्या प्रतीवर जुन्या मालकाचा शिक्का किंवा समासातलं टिपण असेल तर ती प्रत वेगळी आहे.

१०. जाण्याआधी : हस्तांतराचं टिपण आणि श्रेय

सत्र संपण्याच्या शेवटच्या आठवड्यात टिपण लिहायला बसू नका, परीक्षा असतात. पहिल्या दिवसापासून एक सामायिक फाइल उघडा आणि शिफ्ट संपली की चार ओळी लिहा : कुठला खंड, कुठल्या पट्टीपर्यंत, काय अडलं, कुणाला विचारलं, काय ठरलं. 'पट्टी ११ : वर्ष दुसरं, पण महिना मार्च, १७९३ धरलं, कॅटलॉगरला विचारून' ही एवढीशी ओळ पुढच्या विद्यार्थ्याचा अर्धा दिवस वाचवते.

श्रेयाबद्दल स्पष्ट बोला. अनेक प्रकल्पांच्या पानावर क्युरेटर आणि अनुदान देणारी संस्था यांची नावं असतात आणि विद्यार्थ्यांचा उल्लेख 'विद्यार्थी सहायक' एवढाच. हे मला मान्य नाही. ज्यांनी हजारो पानं हाताने उलटली त्यांची नावं तिथे हवीत, आणि विचारलं तर बहुतेक समन्वयक ती आनंदाने देतात, कारण त्यांच्या हे डोक्यातच आलेलं नसतं. नाव कसं लिहायचं ते तुम्हीच लिहून द्या, आडनावासकट, आणि कोणत्या महिन्यांत कोणतं काम केलं तेही. तुमचं विद्यापीठाचं खातं बंद व्हायच्या आधी हा ईमेल जायला हवा, आणि त्याची प्रत तुमच्या खाजगी पत्त्यावर.